परदेशातला गोठा, परक्यांचं घर : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात न्यूझीलंडमधल्या दूध फार्मवरच्या आमच्या दिवसांबद्दल लिहिलं आणि मग इतकी पत्रं आली की संपादकांनी सांगितलं, ताई आता उत्तरंच लिहा. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी मूळची कराड तालुक्यातली, माहेरी चार जर्सी आणि दोन म्हशी, धारा काढतच मोठी झाले. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्यासोबत न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला साउथलंडमध्ये आले, विंटन गावाजवळ. पहिले आठ महिने आम्ही मालकांच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत राहिलो, एकाच टेबलावर जेवलो. वासरं सांभाळण्यापासून सुरुवात केली, आता दुसऱ्या फार्मवर हर्ड मॅनेजर आहे, म्हणजे कळपाची जबाबदारी माझ्याकडे. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही, कारण त्यातल्या काहींची नोकरी चालू आहे.

प्रश्न : ताई, मी बीएस्सी ॲग्री केलंय, वय २४, वाळवा तालुका. घरी सहा एचएफ गायी आहेत, मशीनने धार काढतो, वडील डेअरीचे जुने सभासद आहेत. हा अनुभव तिकडे चालतो का? नक्की काम काय असतं रोजचं?

अरे चालतो, आणि ज्याने गायीच्या कासेला हात लावलाय त्याला तो नक्कीच उपयोगी पडतो, पण किती आणि कुठे ते नीट समजून घे म्हणजे इथे आल्यावर धक्का बसणार नाही. तुझ्या सहा गायींना तू नावाने ओळखतोस, कुणी पेंड कमी खाल्ली ते तुला संध्याकाळी लगेच कळतं. इथे सरासरी कळप चारशेच्या वर आणि साउथलंडमध्ये त्याहून मोठे, आमच्याकडे पाचशे वीस गायी आहेत आणि प्रत्येकीच्या कानात नंबर. गोठा नाहीच. दावण नाही, गव्हाण नाही, गाय बारा महिने रानात, रायग्रास आणि पांढऱ्या क्लोव्हरच्या कुरणात, आणि तिला पुढची पट्टी कधी मोकळी करायची ते आपण इलेक्ट्रिक फेन्सिंगची तार सरकवून ठरवतो. आपल्याकडे चारा गायीकडे जातो, इथे गाय चाऱ्याकडे जाते. हा एवढा फरक डोक्यात बसला की बाकीचं सगळं काम त्यातूनच समजत जातं.

वर्षाचं चक्रही वेगळंच. आपल्याकडे कुठली ना कुठली गाय वर्षभर वीत असते, इथे सगळा कळप एकदमच वितो, कारण गवत जेव्हा जोरात वाढतं तेव्हाच गायीला दूध यायला हवं. आमच्याकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात होते आणि पहिल्या तीन आठवड्यांत जवळजवळ निम्म्या गायी व्यालेल्या असतात. मी एका दिवसात अठ्ठावीस वासरं रानातून उचलून आणलेली आहेत, पाऊस, वारा, बोटं सुन्न, आणि प्रत्येक वासराच्या नाळेला आयोडीन लावायचं, कानात टॅग, पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला की नाही बघायचं. मग ऑक्टोबरच्या शेवटापासून रेतन, मे महिन्याच्या शेवटी सगळ्या गायी आटवायच्या, आणि जून-जुलै म्हणजे कडक थंडीत भाकड गायी बीट नाहीतर केलच्या (कोबीसारख्या पाल्याच्या) शेतात. इथे दूध धंद्याचं नवं वर्ष १ जूनला सुरू होतं, त्या दिवशी फार्मवरची माणसं घर बदलतात, कळपच्या कळप एका गावातून दुसरीकडे जातात.

रोजचं म्हणशील तर सीझनमध्ये चारला उठणं. साडेचारला क्वाड बाइक म्हणजे चार चाकांची मोटरसायकल किंवा साइड-बाय-साइड नावाची छोटी गाडी घेऊन गायी आणायला जायचं. ऑगस्टमध्ये त्या वेळी ईशान्येकडे कृत्तिका दिसतात आणि त्यांच्या बाजूला मृग, पण मृग उलटा, आपल्याकडे बघतो त्याच्या बरोबर डोकं खाली! आपल्या बापजाद्यांनी ज्या नक्षत्रावर पेरणी ठरवली तेच इथल्या अंधारात उलटं उभं बघून पहिल्या वर्षी माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. इथले माओरी लोक कृत्तिकांना मातारिकी म्हणतात आणि थंडीत पहाटे त्या पुन्हा दिसायला लागल्या की त्यांचं नवं वर्ष. २०२२ पासून त्याची सरकारी सुट्टी आहे.

पाच वाजता धार काढायचं शेड चालू. आमचं शेड हेरिंगबोन, एका बाजूला चाळीस गायी तिरक्या उभ्या राहतात, आपण मधल्या खड्ड्यात, कास बरोबर डोळ्यासमोर. ही रचना न्यूझीलंडमध्येच, वायकाटोमधल्या एका शेतकऱ्याने १९५२ मध्ये काढली, त्याआधी माणसं आपल्यासारखीच वाकून-बसून धार काढायची. दोन जण दोन-अडीच तासात पाचशे गायी काढतात. तिथे तुझा अनुभव दिसतो बघ. सडाला कप लावताना ज्याला कासेचा कडकपणा हाताला कळतो त्याला दगडी झालेली, म्हणजे कास सुजलेली गाय मशीनच्या आधी सापडते. माझ्या मालकांनी मला वासरांवरून शेडमध्ये घेतलं ते याच एका गोष्टीमुळे. एक गाय नंबर २१७, दूध स्वच्छ, गाठी नाहीत, पण मागचा डावा सड मला गरम लागला, मी सांगितलं, त्यांनी टेस्ट केली आणि निघालं. त्या दिवसापासून ते मला गायीबद्दल विचारायला लागले.

उलट एक गोष्ट तुला नव्याने शिकावी लागेल. माज ओळखायला आपण हंबरणं बघतो, सोट बघतो. इथे पाचशे गायींत ते कोण बघणार, म्हणून शेपटीच्या मुळावर रंगाचा पट्टा मारतात, दुसऱ्या गायी वर चढल्या की रंग घासला जातो, सकाळी शेडमध्ये रंग गेलेली गाय दिसली की ती बाजूला. अगदी साधी युक्ती आहे. वडिलांना सांगून बघ.

आणि पैशाचं गणितही, कारण तू सभासदाचा मुलगा आहेस. इथेही सहकारच मोठा आहे, फॉन्टेरा ही शेतकऱ्यांच्याच मालकीची संस्था, २००१ मध्ये मोठ्या डेअऱ्या एकत्र येऊन झाली. पण भाव लिटरवर नाही, दुधातल्या फॅट आणि प्रोटीनच्या किलोवर. २०२४-२५ च्या सीझनला तो किलोमागे दहा डॉलरच्या आसपास होता. म्हणून इथला शेतकरी पाणी जास्त देणाऱ्या गायीवर खूश नसतो आणि जर्सी-फ्रिजियन क्रॉस लोकांना आवडतो.

प्रश्न : माझा मुलगा चार महिन्यांपासून न्यूझीलंडला फार्मवर आहे, मालकांच्या घरीच राहतो. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा नाही. ती माणसं रोज गोमांस खातात. हा फोनवर सगळं बरं आहे म्हणतो पण आवाजावरून कळतं ना आईला. काय करू? — पंढरपूर

काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी जेवणाचं सांगते कारण ते सोपं आहे, मग आवाजाचं.

इथल्या शेतकऱ्याच्या घरात गोमांस असतं, बोकडासारखं मेंढीचं असतं, हे खरं. पण मी नाही खात एवढं एकदा स्पष्ट सांगितलं की कुणी आग्रह करत नाही, आपल्याकडे जसा ‘एक तरी घ्या’ चालतो तसा इथे नाहीच. अडचण उलटी होते, आपली मुलं संकोचाने काही सांगतच नाहीत आणि मग ब्रेड आणि बटाट्यावर दिवस काढतात. मुलाला सांगा, येत्या रविवारी त्यांच्या किचनमध्ये उभं राहून वरणभात आणि बटाट्याची भाजी कर, सगळ्यांना वाढ. त्याने दहा वाक्यांचं काम होतं. आणि एक शब्द त्याला समजावून सांगा, इथे गावाकडे ‘टी’ला या म्हणाले की तो चहा नसतो, ते रात्रीचं जेवण असतं, सहा वाजताचं. आम्ही पहिल्यांदा घरून पोळीभाजी खाऊन चहाला म्हणून गेलो आणि टेबलावर भाजलेली मेंढी, मटार, सगळा थाट, आणि मालकीणबाई सकाळपासून राबलेल्या. तसंच ‘प्लेट घेऊन या’ म्हणजे रिकामी प्लेट नव्हे, एक पदार्थ करून घेऊन या.

माझ्यासाठी त्या घराचं दार खऱ्या अर्थाने उघडलं ते खरवसाने. पहिलाच ऑगस्ट, वासरांसाठी चिकाची पिंपं भरलेली, पिवळाधमक घट्ट चीक, पहिल्या धारेचा. मला ते बघून राहवेना. मालकांना विचारलं, थोडा घेऊ का, ते म्हणाले कशाला, वासरांचा आहे तो, पण घे. इन्व्हरकार्गिलच्या इंडियन दुकानातून गूळ आणलेला होता, वेलची होती, जायफळ माहेरून आणलेलं. कुकरची शिट्टी काढून वाफवला, वड्या पाडल्या, आणि दहाच्या चहाला, ज्याला इथे स्मोको म्हणतात, शेडमध्ये घेऊन गेले. पोरांनी आधी वास घेतला. पण मालकांची आई, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी एक वडी तोंडात टाकली आणि गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, माझी आई करायची हे, चिकाचं पुडिंग, पन्नास-साठ वर्षांत खाल्लं नव्हतं. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, हातमोजे चिकाने बरबटलेले होते तरी. त्यानंतर दर वर्षी पहिला चीक आला की त्या मलाच फोन करायच्या.

आता आवाजाचं. काकू, तुम्हाला कळतंय ते खरं असणार. जून-जुलैमध्ये साउथलंडला सूर्य साडेआठला उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो, आणि शेजारचं घर दोन किलोमीटरवर. काम असेपर्यंत माणूस ठीक असतो, संध्याकाळी खोलीत गेला की भिंती अंगावर येतात. त्याला ‘जेवलास का’ विचारू नका, त्याला ‘आज कुठली गाय त्रास देत होती’ असं विचारा, तो बोलेल. घरच्या गायीचा व्हिडिओ पाठवा, हंबरण्याचा आवाज ऐकू द्या. आणि त्याला सांगा की इथे रुरल सपोर्ट ट्रस्ट नावाची संस्था आहे, शेतकऱ्यांसाठी आणि शेतावर काम करणाऱ्यांसाठीच, मोफत, फोन केला की शेतीतलाच माणूस येऊन बोलतो. त्यात कमीपणा काही नाही, इथले दणकट दणकट शेतकरी फोन करतात. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर वाट बघू नका, डॉक्टरकडे जा म्हणा.

प्रश्न : एजंट बारा लाख मागतोय, म्हणतो फार्मची नोकरी आणि व्हिसा पक्का. आई-वडील जमीन गहाण टाकायला तयार आहेत. — श्रीरामपूर

नाही. जमिनीला हात लावू नका.

न्यूझीलंडच्या कायद्यात नोकरी देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणं बेकायदेशीर आहे, मालकाने घेतले तरी आणि त्याच्या वतीने कुणी घेतले तरी. आपल्याकडेही परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट हा सरकारकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं नाव शोधा, नसेल तर तिथेच विषय संपला. व्हिसा कुणी पक्का करत नाही. मालक मान्यताप्राप्त असावा लागतो, त्या जागेची सरकारी तपासणी झालेली असावी लागते आणि मग तुम्ही स्वतः अर्ज करता. अनुभवाचे आणि इंग्रजीचे नियम बदलत असतात ते इमिग्रेशन न्यूझीलंडच्या साइटवरच बघायचे, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही. मालकाशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला, शेड दाखवा म्हणा, राहायचं घर दाखवा म्हणा. खरा शेतकरी आनंदाने फोन घेऊन फिरवून दाखवतो.

प्रश्न : ताई, मी वायकाटोमध्ये आहे, दोन वर्षं. मालक-मालकीण देवमाणसं, मला फॅमिली म्हणतात, ख्रिसमसला मला गिफ्ट, माझ्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. पण सीझनमध्ये आठवड्याला पासष्ट-सत्तर तास होतात आणि पगार तोच. हे बोलायचं कसं? घरच्यांसारख्या माणसांकडे पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही.

दादा, आजच्या सगळ्या पत्रांत हे मला सर्वात जवळचं वाटलं, कारण मी हे भोगलंय.

आधी आकडा बघ, मग नात्याचं बोलू. समज तुझा पगार वर्षाला साठ हजार डॉलर. पंधरवड्याला झाले २३०७. तू सत्तर तासांचे आठवडे म्हणतोस, आपण कमीच धरू, पंधरवड्याला १३० तास. भागाकार कर, तासाला पावणेअठरा डॉलर येतात. १ एप्रिल २०२५ ला इथला किमान दर तासाला २३.५० झाला आणि तो दर वर्षी १ एप्रिलला बदलतो, म्हणून चालू दर बघून घे. २३.५० च्या दराने १३० तासांचे किमान ३०५५ व्हायला हवेत. म्हणजे त्या एका पंधरवड्यात जवळजवळ साडेसातशे डॉलर कमी. आणि मालक असं म्हणू शकत नाही की हिवाळ्यात तुला काम कमी असतं ते यात धरलंय, वर्षाची सरासरी चालत नाही, प्रत्येक पगाराचा काळ त्याचा त्याचा बघावा लागतो. पगार महिन्याचा ठरलेला असो की तासावर, हा नियम सगळ्यांना. घरभाडं पगारातून कापायचं तर त्यालाही तुझी लेखी संमती हवी.

आता माझं सांगते. आमचा पहिला फार्म, त्याचं नाव घेत नाही, गावही सांगत नाही. माणसं तुझ्या मालकांसारखीच, आम्हाला विमानतळावर घ्यायला आली होती, बाळाचं पांघरूण त्यांच्या मुलीचं जुनं दिलं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरला मी आणि नवरा दोघंही पहाटे चार ते रात्री सात, पंचवीस दिवस सुट्टी नाही. पगाराची स्लिप तीच. मी एका वहीत रोज लिहायचे, चीक किती निघाला, कुठलं वासरू हगवणीवर आहे, त्याच वहीच्या कडेला उठण्याची आणि घरी येण्याची वेळ. ते तासांसाठी नव्हतं, माझी आई डेअरीचा हिशोब तसा ठेवायची, ती सवय. नोव्हेंबरात नवऱ्याने बेरीज केली आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही. बोलायचं कसं, ज्यांनी पांघरूण दिलं त्यांना? सहा आठवडे तसेच गेले आणि त्या सहा आठवड्यांत नातं नासायला लागलं, मला त्यांचं हसणं खोटं वाटायला लागलं, मी त्यांच्याकडे जेवायला जायचं टाळायला लागले, आणि त्यांना बिचाऱ्यांना कळेना हिला काय झालं.

शेवटी मालकीणबाईंना मी वही दाखवली. टेबलावर ठेवली फक्त, माझं इंग्रजी तेव्हा तेवढंच होतं. त्यांनी पानं उलटली. मालकांचं म्हणणं पडलं की सगळे शेतकरी असंच करतात, मीही तेवढंच राबतो. ते राबत होते हे खरंच होतं. पण ते स्वतःच्या कळपासाठी राबत होते, त्यांचं कर्ज फिटत होतं, आणि आमचं तसं नव्हतं. पटायला त्यांना वेळ लागला, दोन वेळा आवाज चढले, मग सरकारी मध्यस्थीचा फोन लावावा लागला, ती इथे मोफत असते, आणि थकबाकी मिळाली. पूर्ण नाही, तीन महिन्यांची. आम्ही पुढच्या १ जूनला तिथून निघालो. त्या बाई मला आजही सणाला मेसेज करतात आणि मीही करते, पण जे पहिल्या दिवशी बोलून घेतलं असतं तर टिकलं असतं ते टिकलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून नव्या फार्मवर आम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलं, तास कुठे लिहायचे? मालक म्हणाले शेडमध्ये तक्ता लावलाय, रोज लिहा, मीही लिहितो. बस्स. आज दहा वर्षं झाली, त्यांच्या नातवाला मी मांडीवर खेळवलंय आणि कधी एका तासावरून वाद झालेला नाही.

तू काय कर, उद्यापासून तास लिही, तारीख-वेळ, कुठल्या कामाचे. दोन पंधरवडे झाले की दोघांना, एकट्या मालकाला नाही, चहाच्या वेळी निवांत सांग की मला इथेच राहायचंय, म्हणून हे आत्ताच नीट करूया. तास नोंदवणं ही कायद्याने त्यांची जबाबदारी आहे, तू उपकार मागत नाहीयेस. रोस्टरचंही बोल, अकरा दिवस काम तीन दिवस सुट्टी की सहा-दोन, ते कागदावर येऊ दे. बहुतेक मालक ऐकतात, कारण त्यांनाही चांगला माणूस जायला नको असतो. नाही ऐकलं तर मध्यस्थी आहे, कामगार निरीक्षक आहेत. आणि व्हिसा मालकाशी बांधलेला आहे म्हणून घाबरू नकोस, पिळवणूक होत असेल तर तिथून बाहेर पडता यावं म्हणून वेगळा व्हिसा २०२१ पासून आहे. पासपोर्ट कुणाच्याही कपाटात ठेवायचा नाही, देवमाणसाच्याही नाही.

प्रश्न : गोऱ्ह्यांचं काय करतात तिकडे? खरं सांगा. — एक वाचक, आळंदी

खरं सांगते. गोऱ्हे, आणि ज्या कालवडी ठेवायच्या नाहीत त्याही, काहींना मांसासाठी वाढवायला नेतात आणि बाकीच्यांना पहिल्या आठवड्यातच गाडी येऊन कत्तलखान्यात नेते. चार दिवस पूर्ण झाल्याशिवाय नेता येत नाही, नाळ वाळलेली हवी, वासरू स्वतःच्या पायावर धड उभं हवं, पोट भरलेलं हवं, हे नियम आहेत आणि पाळले जातात. नियम पाळले म्हणून ते सोपं होत नाही. त्या वासराला चीक मीच पाजलेला असतो, माझं बोट चोखलेलं असतं त्याने.

पहिल्या वर्षी गाडी यायची त्या सकाळी मी शेडमध्ये जाऊन बसायचे. मालकांना सांगितलं, मला हे जमणार नाही, त्यांनी दुसरा माणूस लावला, आणि आजही आमच्याकडे ते काम माझ्याकडे नाही. ज्यांना येऊन हे काम करायचंय त्यांनी मुलाखतीतच विचारावं की हे मला करावं लागेल का. आणि ज्यांना हे माहीत असूनही सहन होणार नाही असं वाटतं त्यांनी येऊ नये, त्यात काही चूक नाही. मी मात्र एक लपवणार नाही, आपल्याकडेही क्रॉस गायीच्या गोऱ्ह्याचं दूध तोडतात आणि ते खंगत जातं, हे मी माहेरच्या गोठ्यात पाहिलंय. दोन्ही मला लागतं.

प्रश्न : तब्येतीची काय काळजी घ्यायची? अपघात होतात म्हणे.

दोन गोष्टींना भ्या. एक क्वाड बाइक, उतारावर उलटते आणि माणूस खाली सापडतो. हेल्मेट घाला, आणि शिकवल्याशिवाय चढू नका, ‘मी गावाकडे ट्रॅक्टर चालवलाय’ म्हणून उडी मारू नका. दुसरी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. आपल्याला ती २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर माहीत झाली, इथे ती गायीच्या मुतातून येते आणि शेडच्या खड्ड्यात ते तोंडावर उडतंच. कळपाला लस दिलीय का हे विचारा, हाताला जखम असेल तर झाका, शेडमध्ये काही खाऊ नका. ताप, डोकं, अंग ठणकलं तर फ्लू म्हणून झोपून राहू नका, डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी डेअरी फार्मवर काम करतो. अपघात झाला तर एसीसी नावाची सरकारी योजना उपचाराचा खर्च बघते, व्हिसावर आलेल्यालाही, चूक कुणाची ते न विचारता.

प्रश्न : सहा वर्षांची मुलगी आहे, तिला घेऊन यावं का?

घरच्या शाळेपासून तोडताना जीव तुटतो, पण गावाकडच्या शाळा इथे खूप छान आहेत, लहान, सगळी मुलं फार्मवरचीच. वसंतात पेट डे असतो, मुलांनी घरी वाढवलेलं वासरू नाहीतर कोकरू घेऊन यायचं, दोरीने चालवून दाखवायचं. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी वासराचं नाव ‘कपिला’ ठेवलं होतं, माईकवरून नाव पुकारताना सरांची जीभ अडखळली तर तिने जाऊन उच्चार शिकवला. आणा तिला.

प्रश्न : पुढच्या महिन्यात निघतोय. बॅगेत काय आणू? वडिलांनी गोठ्यातले गमबूट बांधून ठेवलेत आणि आई पेढे देतेय.

पेढे आईला देवापुढे ठेवायला सांग, आणू नकोस. कुंदा नको, खवा नको, तूपही नको. न्यूझीलंडमध्ये लाळ्या-खुरकूत आजवर कधी आलेला नाही आणि आपल्याकडे तो आहे, म्हणून आपल्याकडचे दुधाचे पदार्थ आणि गोठ्यात वापरलेल्या वस्तूंबद्दल ते फार कडक असतात. तिथे पोचण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो, त्यात विचारतात, अलीकडे शेतावर जनावरांत गेला होतात का. खरं सांग, हो लिही. लपवलं आणि सापडलं तर जागेवर चारशे डॉलर दंड. मसाले, डाळी, जे काही खायचं आणशील ते सगळं फॉर्मवर दाखव, बरंचसं बघून परत देतात.

लोकरीचे मोजे चार जोड आण, कुकर आण, आईच्या हातचा मसाला कंपनीच्या पाकिटासारखा सीलबंद करून आण. गमबूट इथेच घ्यायचे, मालकच देतात बहुतेक ठिकाणी. तरी वडिलांनी बांधलेत तर नाही म्हणू नकोस, घासूनपुसून, तळव्याच्या खाचांतली माती सुईने काढून आण आणि फॉर्मवर लिही. माझ्या नवऱ्याच्या बुटाला कराडच्या रानाची माती राहिली होती. तिथल्या अधिकारी बाईंनी ते आत नेले, दहा मिनिटांनी स्वच्छ धुऊन, अजून ओले असलेले, पिशवीत घालून त्याच्या हातात दिले आणि विचारलं, गायी आहेत का घरी? किती?